कुंकू लागलेली काच

योगिनी कोळीला वर्कशॉपात सगळे आडमुठी म्हणत. मीही म्हणायचो. तिचे वडील महिपत अजून कोलशेतच्या खाडीत जाळं टाकतात. ती मात्र दहा वर्षं आमच्याकडे विमानतळांची हवामान-यंत्रं तपासते. धुक्यात धावपट्टीवर किती लांबचं दिसतंय, हे ही यंत्रं आपोआप मोजतात. विमान उतरवायचं की नाही, ते त्यावर ठरतं. तिच्या सहीशिवाय एकही यंत्र गेटबाहेर जात नाही.

गेल्या खंडेनवमीला चूक तिचीच झाली. पूजा दरवर्षी तीच करते. पकड, कानस, ड्रिल मशीन असं सगळ्यांना हळदकुंकू लावता लावता तिने तपासून तयार ठेवलेल्या यंत्रालाही बोटं टेकवली. नेमकी काचेवर, जिच्यातून ते धुकं मोजतं. टेम्पो गेटवर उभा होता.

आमचे मालक सर्वेशशेठ यांनी खिशातला रुमाल काढून काच पुसली. "झालं. कर सही."

"परत तपासायला लागेल, शेठ. चार तास."

"अगं, काचेवर काही दिसतंय का तुला?"

"दिसत नाय, म्हणूनच तपासायचं."

शेठचा पारा चढला. "टेम्पो रिकामा गेला तर परत कामावर येऊ नकोस!" त्यांनी सर्टिफिकेट माझ्यापुढे सरकवलं. "केतन, आज तिच्याऐवजी तू कर."

खोटं कशाला बोलू, मी पेन उघडलं होतं. डोंबिवलीत घर, दोन पोरं. मला शौर्य परवडत नाही. योगिनीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याच कागदावर आडवं लिहिलं, 'काचेला कुंकू मी लावलं. परत तपासल्याशिवाय यंत्र पाठवू नये.' खाली ठसठशीत सही. "आता कर तुझी, हिच्याखाली." मला लाज वाटली, आणि तिचा रागही आला.

टेम्पो रिकामा गेला. तिने काचेला हातही न लावता यंत्र तपासणीच्या अंधाऱ्या खोलीत नेलं. जेवायलाही उठली नाही. साडेचारला आकडे आले. यंत्र ठणठणीत होतं, तसूभरही फरक नव्हता.

शेठ जिंकल्यासारखे हसले. "बघ! मी मघाशीच म्हटलं होतं. उगाच दिवस घालवलास."

"मघाशी तुम्ही म्हणत होतात. आता यंत्र म्हणतंय." तिने नव्या सर्टिफिकेटवर सही केली आणि पिशवी उचलली. "उद्या दसऱ्याची सुट्टी. परवा नऊला येते. काढायचं असेल तर कारण लिहून ठेवा. मी माझी चूक लिहिली तसं, सहीनिशी."