डावा गाल झाला, उजवा बाकी

विलासच्या सलूनमध्ये कोपऱ्यात केस साठतात ना, तसेच आमचे किस्से साठतात. झाडताना कळत नाही कुणाचे कुठले, आणि पांढरेच जास्त निघतात. कारण कडावच्या या सलूनमध्ये दाढीला थोडे येतात, अक्कल शिकवायला अख्खा बाजार येतो. मी इंजिनीअरिंग मध्येच सोडून घरी आलो तेव्हापासून तर शिकवायला मी आयताच सापडलोय!

घरी अण्णा, म्हणजे माझे वडील, मला नावानं हाक मारत नाहीत. "अर्धवट जेवला का?" असं आईला विचारतात. मी समोर ताटावर बसलेला असताना!

म्हणून ठरवलं, एक तरी गोष्ट शेवटपर्यंत न्यायची आणि यांचं तोंड बंद करायचं. ती गोष्ट नेमकी वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करणं हीच का, ते मला विचारू नका. व्हिडिओ बघितला, आवडला, वस्तरा ऑनलाइन मागवला. त्यापेक्षा नोकरी का नाही बघितली, हेही विचारू नका. विचारणारे भरपूर आहेत.

*

वस्तरा आला तो घेऊन विलासकडे गेलो. विलास माझ्याहून थोडा मोठा, दिवसभर दाढ्या करतो. म्हटलं, हा शिकवेल. त्यानं तो उघडला, मिटला, परत उघडला.

"हा अख्खा हाय रं!"

"म्हणजे?"

"आमी ब्लेड मधून मोडतो, अर्धं लावतो, गिऱ्हाईक उठलं की फेकतो. याचं काय फेकू? बाबांच्या हातात बघितलेला. मी नाय कधी लावला."

"तुझा धंदा आहे आणि तुलाच येत नाही?"

"अर्ध्या ब्लेडवर घर चाललंय माझं," विलास म्हणाला. "अण्णांना सांग, अर्धवट बी कामाला येतं!"

*

सलूनमध्ये पेपर वाचायला रोज एक रिटायर्ड गुरुजी येतात. पेपर विलासचा, चहा विलासचा, मतं मात्र स्वतःची.

"पयली गोष्ट," गुरुजी म्हणाले, "दाढी सुलट करायची. सुलट म्हणजे वरून खाली."

माझे गळ्यावरचे केस खालून वर उगवतात. मी म्हटलं, "मग गळ्याला सुलट म्हणजे खालून वर ना?"

"खालून वर ती उलट!"

"पण केसच उलटे आहेत."

"केसांना काय कळतंय? सुलट म्हणजे सुलट!"

मी विलासकडे बघितलं. विलास म्हणाला, "केस जातील तिकडं सुलट." गुरुजी म्हणाले, "नियम म्हणजे नियम." डोक्याचा पार भुगा झाला. स्वतःच्या गळ्याची वरची बाजू कुठली, तेच कळेना!

"आमच्या काळात सगळं वस्तऱ्यानंच चालायचं," गुरुजींनी सुरू केलं.

"तुम्ही स्वतः करायचात?"

"छे छे! विलासचा आजा घरी यायचा ना."

"म्हणजे हात त्यांचा, वस्तरा त्यांचा, आणि अनुभव तुमचा?"

गुरुजींनी फाडकन पेपर तोंडासमोर धरला. विलास हळूच म्हणाला, "गुरुजी, पेपर सुलट करा."

*

वस्तऱ्याला धार असून भागत नाही. दाढीआधी तो चामड्याच्या पट्ट्यावर फिरवावा लागतो. विलासला बाबांचं एवढंच आठवत होतं, "पाठ पुढं, धार मागं."

कुणाची पाठ? माझी, पट्ट्याची, का वस्तऱ्याची? विचारायला हवं होतं. पण परत सलूनमध्ये जाऊन गुरुजींचं तोंड कोण बघणार! घरी अण्णांचा कमरेचा पट्टा खिडकीच्या गजाला अडकवला, आणि विळ्याला दगडावर धार लावतात तसा वस्तरा धार पुढं करून ओढला.

वस्तरा कसला धारदार निघाला! बकलाकडचा तुकडा गजाला लटकत राहिला, उरलेला माझ्या हातात.

अण्णा त्या सकाळी पँटला सुतळी बांधून डेअरीत दूध घालायला गेले. जाताना दारातून ओरडले, "कॉलेज अर्धवट, आता पट्टा बी अर्धवट!"

*

पाठ म्हणजे वस्तऱ्याची, हे नंतर कळलं. धार बघायला मी हातावरचे केस काढायला लागलो. आज इथे, उद्या तिथे. आईनं हात बघितला आणि घाबरली.

"चाई लागली का रं तुला?"

"दाढीची प्रॅक्टिस आहे, आई."

"हाताला दाढी?"



*

चेहऱ्यावर पहिल्यांदा चालवला तेव्हा उजवा गाल मस्त झाला. डाव्या गालाला हात नेला तर माझाच हात आरशात आडवा! डावीकडे सरकलो, तर आरशातला उजवीकडे सरकल्यासारखा वाटला. तसाच उभा. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस सुकतोय. विलासकडे जावं तर अख्खा बाजार म्हणणार, अर्धवट आला! शेवटी डोळे मिटल्यावर हाताला वाट सापडली. हनुवटीला कापलं, पण दाढी पूर्ण झाली. अण्णांनी बघितलं.

*

आणि हा किस्सा काकाच्या मुलीच्या साखरपुड्याचा. खालापूरला, सोमवारी. सोमवारी सलून बंद, विलास सासुरवाडीला गेलेला. अण्णांनी जन्मात स्वतःच्या हातानं दाढी केलेली नाही. सकाळी अंगणात खुर्ची टाकून बसले, खांद्यावर टॉवेल घेतला आणि आईला म्हणाले, "अर्धवटाला बोलाव."

मी वस्तरा उघडला. आता समोर आरसा नाही, माणूस आहे! "अण्णा, तुमचा डावा का माझा डावा?"

"गाल माझा हाय ना?"

त्यांचा डावा झाला. कापलं नाही. उजव्याला फेस लावला, तेवढ्यात काका गाडी घेऊन दारात. हॉर्नवर हॉर्न! "चला, पावणे पोचले!" मग खुर्चीकडे बघून म्हणाला, "याच्या हातात मान दिलीस? कायच धड पुरं केलं नाय यानं!"

अण्णांनी उजव्या गालावरचा फेस टॉवेलनं पुसला आणि उठून गाडीत बसले.

मी मागच्या सीटवर. वाटलं, संपलं! आता जन्मभर हेच ऐकायचं.

हॉलमध्ये सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघायला लागले. एका बाजूनं नवरदेवासारखे, दुसऱ्या बाजूनं आजारी. मी खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेत खाली मान घालून बसलो. नवरदेवाच्या मामानं एक साधं रेझर आणून दिलं. म्हणाला, "बाथरूमात चला, मीच करून देतो."

काका लगेच, "जा की! अर्धवट तोंडानं फोटोत उभा राहणार का?"

"नको," अण्णा म्हणाले. "पोराचं काम चालू हाय."

आणि फोटोत उभे राहिले. उजवा गाल कॅमेऱ्याकडे करून!

संध्याकाळी घरी आलो. अजून उजेड होता. अण्णांनी कपडेही बदलले नाहीत. खुर्ची परत अंगणात ओढली, टॉवेल घेतला.

"अण्णा, उद्या विलास येईल."

"चल रं. अर्धवट नको सोडू."

"काय, दाढी?" मी विचारलं.

अण्णांनी डोळे मिटले आणि मान वर केली.