मामांच्या तोंडातले खाडे

राळेगावात स्वतःच्याच तोंडाशी अबोला धरलेला माणूस एकच झाला, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहतो. सगळा मोहल्ला त्यांना मामा म्हणतो. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढला, सोबत थोडी कपाशी केली, आणि विहारात वंदना म्हणायचा मान कायम त्यांचाच. आवाज असा, की इकडे गॅरेजात माझं इंजिन धडधडत असलं तरी पलीकडची वंदना स्वच्छ ऐकू यायची. मी मुसलमान, पालीतलं मला ओ की ठो कळत नाही. पण लहानपणापासून ऐकून ऐकून ती चाल माझ्याही अंगात भिनली आहे.

मग समोरचे दात एकामागून एक गेले आणि मामांचा स्वभावच फिरला. तोंडावर कायमचा दुपट्टा आला. दुसऱ्यानं कुरकुरीत खाल्लेलं त्यांना खपेना. एकदा मी त्यांच्या देखत फुटाणे खात होतो, तर म्हणाले, "भाच्या, मानसानं जरा लाज ठेवून खावं. कायले येवढा वाजवून राह्यला?" स्वतः मात्र तिळाचा लाडू खलबत्त्यात कुटून, भिंतीकडं तोंड करून, चमच्यानं खात. लग्नाच्या पंगतींना जाणं त्यांनी आपणच सोडलं आणि वर लोकांनाच नावं ठेवली, की आजकाल कोनी मानानं बलावत नाई.

कवळी करून पाहिली. त्याच सुमारास मामी गेल्या. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला मामा हट्टानं स्वतः वंदना म्हणायला उभे राहिले, आणि ऐन मध्यावर कवळी सुटली. ती त्यांनी हातात झेलली खरी, पण पुढचं म्हणता येईना. मागं कोणीतरी फिसकन हसलं. शेवटी एका पाहुण्यानं उरलेलं पुरं केलं. दुसऱ्याच दिवशी मामांनी ती कवळी तुरीच्या वावरात भिरकावली. "बायकोले निरोप बी धड देता नाई आला मले," असं म्हणून माझ्यासमोर ढसाढसा रडले. तेव्हापासून विहाराची पायरी चढले नाहीत. पुढच्या स्मृतिदिनाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपणच म्हणायचं, एवढं एकच त्यांनी मनात धरलं.

त्यासाठी यवतमाळ गाठलं. मीच गाडीवर नेलं. दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी नीट समजावलं, की हाडात स्क्रू बसवायचे, हाडानं ते घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात चढवायचे. मामांची कळी खुलली. "म्हंजे खाडे भरनंच झालं नं, बाई!" कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, जिथं उगवलं नाही तिथं पुन्हा बी टोचायचं, त्याला आमच्याकडं खाडे भरणं म्हणतात. बाईंना ते कळलं की नाही कोण जाणे, त्या हो म्हणाल्या, आणि तिथंच घोटाळा झाला. बी टोचून कास्तकार गप्प बसतो होय? दोन दिवस झाले की माती उकरून बघतो, मोड आला का. मामांनी तेच केलं. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून बोटानं एकेक स्क्रू हलवून बघायचे. मी ओरडलो तर म्हणे, "अबे, उगवन पाह्यून राह्यलो!" अशानं एक स्क्रू खरंच ढिला झाला. बाईंनी तो काढला आणि असं झापलं, की तिकीट तपासणाऱ्या साहेबांपुढंही कधी न दबलेले मामा मान खाली घालून बसले. ती जागा भरून यायला वेळ लागणार, म्हणजे स्मृतिदिनाला तिथं फट राहणारच होती. परतताना कळंब आलं. तेव्हा गाडीवर मागून त्यांनी एवढंच विचारलं, "तिच्या दिवसापुरते तं होतीन नं बे बाकीचे?"

ते महिने फार लांबले. लेक नागपूरला; घरात मामा आणि पातळ वरण-भात. संध्याकाळी ते काहीतरी निमित्त काढून गॅरेजात यायचे. पाना मागायचे, न वापरता परत आणून द्यायचे, की पुन्हा दुसरा मागायचे. पान्याची गरज कोणाला होती हो, त्यांना कोणाशी तरी बोलायचं असायचं. मग एकदाचे दात बसले आणि सराव सुरू झाला. थेट वंदना म्हणायची हिंमत होईना, म्हणून आधी गावांची नावं. रिकाम्या घरातून खणखणीत हाक यायची, "चला, कळंब! कळंबवाले उतरा!" माझं गिऱ्हाईक दचकून बघायचं. मलाही आधी हसू यायचं. मग त्या घरात चढणारं-उतरणारं कोणीच नाही हे आठवून जीव तुटायचा.

स्मृतिदिनाला विहारात बसायला जागा उरली नाही. मामा पांढऱ्या सदऱ्यात उभे राहिले, तोंडावरचा दुपट्टा काढून बाजूला ठेवला आणि वंदना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. फटीतून थोडा वारा सुटायचा, पण एक शब्द अडला नाही. माझे डोळे भरून आले, लपवत नाही. लोकांनी पाठ थोपटली. लेक गळ्यात पडून रडली आणि संध्याकाळच्या गाडीनं नागपूरला गेली.

मी मामांना घरी सोडायला गेलो. त्यांचं चित्त काही थाऱ्यावर दिसेना. खुर्चीत टेकले आणि म्हणाले, "कुठी चुकलो, सांग."

"कुठीच नाई, मामा. झकास झालं."

त्यांचा चेहराच पडला. "तुही मामी सांगे बरोबर. विहारातून घरी आलो का आधी चुका काढे, मंग ताट वाढे. इतक्या वर्सात येक डाव बी सोडलं नाई तिनं मले."

 पालीतल्या चुका मी कुठून काढणार! तरी म्हटलं, "आखरीले जराशी घाई केली तुमी."

"केली नं?" मामा ताठ बसले. "वाटलंच होतं मले." त्यांनी हात जोडले आणि शेवटचा भाग पुन्हा म्हणायला घेतला, अगदी सावकाश. मी उंबऱ्यातच उभा होतो; पायातल्या चपला काढल्या आणि आत येऊन खाली बसलो.