टँकरचं पाणी आणि सलाइनच्या बाटल्या

ते प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरायची इच्छाही नाही.

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि त्यातच दुष्काळ पडला होता. औशाकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. खडी फोडायच्या सरकारी कामावर गढूळ पाणी पिऊन मजुरांना जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आरोग्य केंद्राच्या ओसरीवर माणसं आडवी पडली होती आणि सलाइन नव्हतं. कंपाउंडरचं उत्तर ठरलेलं असे: जिल्हा नवा आहे, माल जुन्या जिल्ह्यात अडकला आहे. तेव्हा पगारापासून रेशनपर्यंत सगळ्यालाच हे उत्तर मिळत होतं, म्हणून कोणाला संशय आला नाही. बाजारातल्या खासगी दवाखान्यात मात्र सलाइन मिळत होतं. आधी पैसे, मग सुई.

एका सकाळी भीमनगरातली एक बाई ठाण्यात आली. तिची तक्रार औषधाची नव्हतीच.

“साहेब, माझी सून दवाखान्याच्या ओसरीवर पडलीय. तिच्यासाठी घागर भराया गेले तर टँकर संपला. कंपाउंडरच्या घरात माणसं दोन, अन् घागरी नेल्या आठ.”

“पाण्याच्या भांडणात पोलीस काय करणार, मावशी?” आमचे जमादार म्हणाले.

“काय बी करू नका. बसा पंख्याखाली. पर त्यो एवढ्या पाण्याचं करतो काय, ते तरी इचारा. लगीन हाय का त्याच्या घरी?”

जमादार हसले. मला तो प्रश्न टोचला. मी जमादारांना साध्या कपड्यांत खासगी दवाखान्यात पाठवलं. ते लगेच परतले.

“साहेब, बाटल्या नागड्या हायत. एकीवर बी लेबल न्हाई.”

सरकारी बाटलीच्या लेबलवर ‘विक्रीसाठी नाही’ असं छापलेलं असतं. काचेवरचं ते लेबल काढायचं तर बाटली भिजत घालावी लागते. भिजवायला पाणी लागतं.

दोन पंच घेऊन आम्ही कंपाउंडरच्या घरी गेलो. मावशी मागोमाग आलीच.

“बघा की साहेब,” कंपाउंडर म्हणाला. “चहा टाकायला सांगू?”

झडतीत काही मिळालं नाही. कोठी पाहिली, माळा पाहिला. मोरी कोरडी होती.

“आठ घागरी पाणी कुठं गेलं?” मी विचारलं.

“म्हशीला लागतंय. मुकं जनावर हाय, साहेब.”

मी परसात गेलो. म्हशीची दगडी डोणी काठोकाठ भरलेली होती आणि पाणी खळीसारखं पांढरट होतं. मी बाही सारून हात घातला. तळाला कागदाचे लगदे होते. एका तुकड्यावर ‘विक्रीसाठी’ एवढी अक्षरं शाबूत होती. अख्खी निघालेली लेबलं त्याने चुलीत घातली असतील, पण हे चिकट पाणी ओतून द्यायला त्याचं मन धजलं नव्हतं. त्या साली आमच्या भागात चोरसुद्धा पाणी फेकत नव्हता.

“बाकीच्या बाटल्या कुठं आहेत?”

“मला न्हाई ठाव.”

“ओसरीवर माणसं मरतायत.”

“ज्याच्याकडं पैसा हाय त्यो वाचतो, साहेब. ही रीत मी काढली का?”

जमादारांनी काठी उचलली. मी त्यांना अडवलं. मारून घेतलेला जबाब कोर्टात टिकत नाही, आणि मला हा माणूस सुटायला नको होता.

मावशी मात्र त्याच्याकडे बघतच नव्हती. दारात उभ्या असलेल्या त्याच्या बायकोला ती म्हणाली, “वैनी, घागरी तूच वाहिल्यास ना? माझी सून तुझ्याच वयाची हाय.”

त्या बाईने कंबरेवर हात टेकला. मग नवऱ्याकडे न पाहता म्हणाली, “कडब्याखाली हायत. पाणी वाहून वाहून कंबर गेली माझी.”

कडबा बाजूला सारला. खाली खोकी होती.

खरी कसोटी पुढेच होती. नियमाप्रमाणे मुद्देमाल लाखेने सील करून ठाण्यात जमा करायचा आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय हलवायचा नाही. तेवढ्यात आरोग्य केंद्राचे तरुण डॉक्टर धावत आले. मावशीच्या सुनेची नाडी लागत नव्हती.

“परवानगी येईपर्यंत ती बाई राहणार नाही,” ते म्हणाले.

“साहेब, उत्तर आपल्याला द्यावं लागंल,” जमादार हळूच म्हणाले. त्यांच्या हातातली लाख पेटलेली होती.

मी नमुन्यापुरत्या बाटल्या सील केल्या. उरलेल्या पंचनाम्यात नोंदवून पावतीवर डॉक्टरांच्या ताब्यात दिल्या. पहिली बाटली ओसरीच्या खुंटीला टांगली गेली, मावशीच्या सुनेसाठी. दिवस कलताना तिने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

“आता पाणी कुठून आणू, बाई?” मावशी म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. कंपाउंडरच्या बायकोनेच एक घागर आणून ठेवली.

वरिष्ठांनी खुलासा मागवला: मुद्देमाल कुठे आहे? मी लिहिलं, नमुने ठाण्यात आहेत, बाकीचा लोकांच्या अंगात आहे. ताकीद मिळाली. कोर्टाने नमुने मान्य केले आणि कंपाउंडर व तो खासगी डॉक्टर दोघेही तुरुंगात गेले.

त्या गावात औषधाचा दुष्काळ पडलाच नव्हता. औषध येऊन पोचलं होतं, गरिबाच्या नावाने आलं होतं, आणि कडब्याखाली दडवलं गेलं होतं. आजही सरकारी दवाखान्यात ‘औषध शिल्लक नाही’ अशी पाटी दिसली की मी खिडकीशी उभा राहतो आणि कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते विचारतो. निवृत्त माणसाला उत्तर द्यायला कोणी बांधील नाही. पण कधी कधी आतला माणूस उठतो आणि कपाट उघडतो.