कालची झोप

निडी गावातल्या घरी ओट्यावर मी नि बायको वालाच्या शेंगा सोलत होतो, तेच आमचं दोघांचं शेवटचं काम. तो वास मला आता नको वाटतो. रोह्याची कॉलेजवाली पोरगी म्हाताऱ्यांच्या झोपेचे तास विचारायला आलेली. जोडप्यांचा एक गट, एकट्यांचा दुसरा, लेकांकडे राहणाऱ्यांचा तिसरा. तिन्ही सरासऱ्यांतला फरक गटातल्या माणसामाणसांतल्या फरकाशी ताडून पाहिला की कळतं, फरक गटामुळं की माणूस माणूसच वेगळा, असं ती म्हणाली. बायको हसली, "ह्यांच्या घोरण्यानं आमच्या गटाची सरासरी बुडेल गो!" त्याच रात्री ती झोपेत गेली. सकाळी पोरगी उरलेलं विचारायला आली आणि दारातली माणसं बघून रडायला लागली. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं, "मला एकट्यांत टाक. पण कालची झोप जोडप्यांतच धर. आम्ही शेजारीच झोपलेलो."