मागच्या चाकांच्या ट्यूबा

मिरेयाने पहिल्यांदा ट्रॅक्टर सुरू केला, तेव्हा सहकारी शेतीवरचे बापये कुंपणाला टेकून मजा बघायला उभे होते. "पोरी, शिवणयंत्र नाही ते!" कुणीतरी ओरडलं. मिरेयाने मागे वळूनही पाहिलं नाही. तिने नांगराचा सरळसोट तास काढला, मग दुसरा काढला, आणि दुपारपर्यंत कुंपण रिकामं झालं.

त्यानंतर गावाचं पान तिच्यावाचून हललं नाही. ऊस कारखान्यावर, नवरी लग्नाच्या कचेरीत, मयत दफनभूमीत, सगळं तिच्या ट्रॉलीतून जायचं. संस्थेचा अध्यक्ष बाउदिलिओ याची बायको बाळंतपणात अडली आणि रस्त्यात गुडघाभर चिखल होता, तेव्हाही मिरेयानेच तिला दवाखान्यात पोचवलं. या सगळ्या फेऱ्यांत मडगार्डवर बसलेला असायचा तिचा धाकटा भाऊ ओस्मेल. आई गेली तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. मिरेयाने त्याला वाढवलं, शिकवलं, आणि त्या गडबडीत स्वतःच्या लग्नाचं राहूनच गेलं.

मग रशियाची जहाजं यायची थांबली. आपला दिवा, आपली बस, आपला पाव, सगळं त्या जहाजांतल्या तेलावर चाललं होतं, हे गावाला तेव्हा उमगलं. आधी बस गेली, मग वीज. रॉकेलच्या स्टोव्हची जागा कोळशाच्या शेगडीने घेतली. कॉफीत भाजलेले वाटाणे आले आणि पुढे वाटाण्यातली कॉफीच निघून गेली. रात्रीच्या जेवणाला रताळं नसलं, तर माणसं साखरपाणी पिऊन झोपायची. शहरात चिनी सायकली वाटल्या. गावाला बैल मिळाले.

बाउदिलिओने सभा घेतली. "तीन महिने, कॉम्रेड. तीन महिने कळ काढा. डिझेल येणार म्हणजे येणार."

"कुठल्या सालातले तीन महिने?" शेजारच्या चेलाने विचारलं, आणि सगळी सभा हसली. मिरेया मात्र हसली नाही. तिचा त्या शब्दावर विश्वास बसला होता.

ट्रॅक्टर शेडमध्ये गेला. मिरेयाच्या हाती लुसेरो आणि कपितान ही जोडी आली. शिंगांना जू बांधून ते दोघे उभे राहायचे आणि ती डावीकडे म्हणाली की उजवीकडे जायचे. ओस्मेल बांधावरून चिडवायचा, "ताई, याला ब्रेक कुठं असतो गं?"

"तुझ्या तोंडाला कुठाय ते सांग, मग याचं बघू."

हळूहळू तिला जमलं. पण दर रविवारी ती शेड उघडून ट्रॅक्टर पुसायची. गंज चढू नये म्हणून वंगण लावायची, चाकांत हवा भरायची. ओस्मेल पंप मारायचा. "डिझेल आलं की सगळ्यात आधी आपला सुरू होईल बघ," ती म्हणायची. ओस्मेल मान हलवायचा. आता तो चांगला उंच झाला होता, आणि कारखाना निम्मा बंद पडल्याने दिवसभर रिकामा असायचा.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बातमी आली की किनाऱ्यावरचे पहारेकरी आता कुणालाच अडवत नाहीत. माणसं दारं, पिंपं, गाद्या, हाताला लागेल ते बांधून तराफे करत होती आणि पलीकडच्या देशात जायला समुद्रात उतरत होती. मिरेयाच्या घरी त्याची चर्चा झाली नाही. एका शनिवारी ओस्मेल म्हणाला, "ताई, शेडची किल्ली दे. तू दमलीयेस, या वेळी वंगण मी लावतो." तिला भरून आलं. पोरगा जबाबदार झाला, असं ती चेलाला मुद्दाम जाऊन सांगून आली.

सकाळी ती शेडवर गेली तर दार सताड उघडं. ट्रॅक्टर मागे बसलेला होता, लोखंडी कडांवर. मागचे टायर सोलून बाजूला टाकलेले, आतल्या ट्यूबा गायब. तिच्या मनात आलं, चोर! आणि ती ओस्मेलला उठवायला घराकडे धावत सुटली.

खाट रिकामी होती. गोठाही रिकामा होता.

चेला कुंपणाशी उभी होती. "पहाटेच गेला की, बैलगाडी घेऊन, समुद्राकडं. बरोबर आणखी तिघं होते. मला वाटलं, तुला ठाऊक असेल."

मिरेया पायी किनाऱ्यावर गेली. उन्हं डोक्यावर आली होती. बैल एका झाडाला बांधलेले, पण सावली केव्हाच सरकून गेलेली. जीभ बाहेर, डोळे तारवटलेले. कासरा इतका आखूड बांधला होता की कपितानला मानही खाली घालता येत नव्हती. तिने त्यांना सोडलं आणि सावलीत नेलं. वाढवताना ज्या पोराला तिने आधी जनावराला पाणी, मग आपण, एवढंच शिकवलं होतं, त्याचं हे काम. वाळूत बसलेली एक बाई म्हणाली, "ते उंच पोरगं तुमचं का? गेले ते. म्हणत होता, ताईनेच ट्यूबा काढून दिल्या."

हे वाक्य तिच्या आधीच गावात पोचलं. सभा भरली. संस्थेची मालमत्ता, किल्ली हिच्याकडे, बैल हिच्या ताब्यात. मिरेया म्हणाली, "मी दिल्या नाहीत." मग तिने बाउदिलिओकडे पाहिलं. त्याने टोपी हातात फिरवली. "कॉम्रेड मिरेयाने आधी चांगलं काम केलंय," तो म्हणाला, "पण रक्ताचं नातं शेवटी रक्ताचं असतं." किल्ली काढून घेतली गेली. ट्रॅक्टर चालकांच्या यादीतून तिचं नाव गेलं. बैल ठेवले, कारण दुसऱ्या कुणाचं ते ऐकत नव्हते.

"बायकोला विचार घरी जाऊन," चेला बाउदिलिओला सगळ्यांसमोर म्हणाली, "कुणाच्या ट्रॉलीत जगली ते." त्याने टोपी डोक्यावर चढवली आणि तो निघून गेला.

ओस्मेल जिवंत आहे की बुडाला, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. मिरेयाला धड रडता येईना आणि रागावताही येईना. समुद्रातून परत न आलेल्या माणसावर रागवायचं तरी कसं?

वर्ष उलटून गेल्यावर टपाल कचेरीतल्या फोनवर तिला बोलावणं आलं. लांबून, खरखरीतून आवाज आला, "ताई, मी! मायामीत आहे. वाटेत पकडलं होतं, छावणीत ठेवलं, पण आता सुटलो. तू कशी आहेस?"

ती भिंतीला टेकली. जिवंत आहे, एवढं आधी पोटात उतरलं. मग बाकीचं वर आलं.

"त्यांना सांगितलंस की मी दिल्या म्हणून?"

"ते तिघं घाबरत होते, चोरीचा माल म्हणून. काहीतरी सांगायला हवं होतं गं."

"मला विचारायचं होतंस."

"दिल्या असत्यास?" ओस्मेल म्हणाला. "खरं सांग. तू त्या डिझेलची वाट बघत होतीस, ताई. ते येणार नव्हतं, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तुला सांगायचं कुणी?"

दिल्या असत्या असं म्हणायला जीभ वळेना, नसत्या दिल्या असंही म्हणवेना. मग फोन आपोआप तुटला.

बाहेर माणसं रांगेत उभी होती. "काय म्हणतो पोरगा?" कुणीतरी विचारलं.

"बरा आहे," मिरेया म्हणाली. "तिकडंही उकडतंय म्हणाला."

ओढ्याकाठचा रताळ्याचा पट्टा अजून नांगरायचा होता. तिने वाटेतच बाह्या दुमडल्या आणि ती तिकडे वळली.