धुतलं का?

फोन वाजला तेव्हा मी आधीच तापलेली होते. सकाळपासून मिलिंदला निरोपांवर निरोप टाकले होते, एकाचं उत्तर नाही. आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती त्या दिवशी लॅबवाल्यांना द्यायची होती आणि आमचं मशीन एका इशाऱ्यावर अडून बसलं होतं. तो इशारा खरा की खोटा, हे मिलिंदनंच बघून सांगायचं होतं, आणि हा बाबा आदल्या दिवशी टेंभुर्णीला घरी जाऊन बसलेला. स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तशी मी ‘हॅलो’सुद्धा म्हटलं नाही. “कुठं मेलास रे सकाळपासून?” पलीकडून सविताचा, त्याच्या बायकोचा आवाज आला... “ताई...” एवढाच. पुढचं त्याच्या भावानं फोन घेऊन सांगितलं. पहाटे छातीत दुखायला लागलं, गाडी दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. लोक मला आता समजावतात, ते वाक्य मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलेलं नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षापासून मी त्याला हेच विचारत आले, आणि तो दर वेळी “मरायला टाइम कुठंय, शोभे?” म्हणत दारात उभा राहायचा. या वेळी नाही राहिला. मला राग आला तो त्याचा.

नवीन जालन्यात, स्टेशनकडं जाताना, एका बियाण्याच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे. खाली थैल्या चढतात-उतरतात, वर आम्ही रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबसाठी सॉफ्टवेअर करतो. पेशंटचं नाव टाका, तपासण्या टाका, रिपोर्ट छापा, मोबाइलवर पाठवा. गिऱ्हाईक मी सांभाळायची, कोड तो. दोघं मिळून सुरू केलेला धंदा, आणि तो टिकला हेच नवल, कारण माणूस भयंकर वैतागवाणा होता. दुसऱ्याचा चहा उचलून प्यायचा. फोनवर असा बोलायचा की खालच्या हमालांनी मान वर करावी. आणि कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातली भगदाडं दाखवणारं एक टूल असतं. बाहेरून आलेली माहिती, म्हणजे कोणी टाइप केलेलं नाव, नंबर, आत कुठं कुठं फिरते याचा ते माग काढतं, आणि वाटेत कोणी न तपासता ती थेट डेटाबेसपर्यंत पोचली तर बोंब मारतं. दहा वेळा बोंब मारेल, त्यातल्या बहुतेक वेळा काही नसतं. पण मिलिंदला ते टूल जावयासारखं लाडकं. त्यानं हूं म्हटलं की हा सगळं काम थांबवणार. “अरे, काही नसतं त्यात!” मी म्हणायची. “नसतं हे बघितल्यावर कळतं ना?” तो म्हणायचा.

एकदा जुन्या जालन्यातल्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये मी आमचं सॉफ्टवेअर दाखवायला गेले. व्यवहार जवळजवळ ठरलाच होता. मिलिंद सोबत आला, मीच मूर्ख, येऊ दिलं. टूलनं आदल्या आठवड्यात पेशंटच्या नावाच्या चौकटीबद्दल बोंब मारली होती आणि मी म्हटलं होतं, नंतर बघू. तिथं डॉक्टरांसमोर या पठ्ठ्यानं त्या चौकटीत नावाऐवजी कोडसारखी एक वाकडी ओळ लिहिली आणि बटण दाबलं. झालं! सगळ्या पेशंटचे रिपोर्ट पडद्यावर धाडधाड उलगडले. ते नमुन्याचे, बनावट होते म्हणून बरं. डॉक्टर उभेच राहिले. मिलिंद शांतपणे म्हणतो, “घाबरू नका साहेब. आमच्याच सॉफ्टवेअरला भोक हाय, ते दाखवून राह्यलो. उद्या इथं कोणाची शुगर, कोणाचा एचआयव्ही, कोण्या पोरीची प्रेग्नन्सी टेस्ट असंल. बुजवल्याबिगर द्यायचं न्हाई आम्हाला.” जिन्यात मी त्याला फाडून खाल्लं. गिऱ्हाईकासमोर कोणी असं करतं का? तर म्हणे, “मंग चोर काय आधी तुला फोन करून येणार हाय?” अशा गोष्टींत शेवटी गिऱ्हाईक भारावून जातं आणि दुप्पट काम देतं म्हणे. आमचं गेलं ते गेलंच.

बरं, त्याचं ते लाडकं टूलही काही शहाणं नव्हतं. कोडमध्ये कोणी पासवर्ड उघडा लिहून ठेवला असेल तर ते नावावरून ओळखतं, पण नाव इंग्रजी असेल तर! आमच्याकडच्या एकानं ‘killi’ असं नाव देऊन डेटाबेसचा पासवर्ड सरळ लिहून ठेवला होता. टूल त्याच्यासमोरून गेलं, हूं नाही की चूं नाही. त्याला काय ठाऊक किल्ली म्हणजे काय. मिलिंदला ते सापडलं तेव्हा त्याला आनंद झाला की संताप, मला कळलंच नाही. पुढं आठवडाभर तो दिसेल त्याला विचारत सुटला, चोरून ठेवायच्या गोष्टीला तुमच्यात काय काय म्हणतात? चावी, कुलूप, खूण, गुपित... सगळे शब्द टूलला शिकवले. माझ्या आईलाही फोन लावला. आई म्हणाली, “पोरा, चोरून ठेवलेल्या गोष्टीचं नाव कोण घेतंय?” हे त्याला इतकं पटलं की दोन दिवस मला तेच ऐकवत होता.

पण आमचं खरं भांडण झालं ते एका शब्दावरून. पूजा आणि तिची मैत्रीण तेव्हा नव्यानं कामाला लागल्या होत्या. बाहेरून आलेल्या, न तपासलेल्या माहितीला टूलच्या इंग्रजीत ‘टेंटेड’ म्हणतात. पोरींच्या डोक्यात शिरेना. मी म्हटलं, “विटाळ गं! बाहेरून आलं त्याला विटाळ. ते ज्याला शिवलं त्याला विटाळ, आणि ते पुढं ज्याला शिवलं त्यालाही.” दोघींना अर्ध्या मिनिटात कळलं. मिलिंद उठला, खाली जाऊन चहा पिऊन आला, आणि म्हणाला, “शोभे, त्यो शब्द या हापिसात न्हाई चालायचा.” मी म्हटलं, “अरे, पण बराबर बसतो.” “बसतो ना. आमच्या आज्याला बी लय बराबर बसवला होता.” आता मीही पेटले. माझं माहेर मेंढरं राखणाऱ्यांचं, महिन्याचे चार दिवस मी दाराबाहेर गोणपाटावर काढलेत. “तुझ्या आजोबाला बसवला तसा मलापण बसवलाय. शब्द माझाही आहे!” तर म्हणाला, “तुझा हाय तर फेकून दे की मंग. सांभाळून कशाला राह्यली?” मग त्यानं फळ्यावर लिहिलं, ‘बिनधुतलं’. म्हणाला, “विटाळात माणसालाच वाईट धरत्यात. इथं आलेली माहिती वाईट न्हाई, दारात कोणी बघितलं न्हाई ही चूक. अन् हे धुतलं की खलास. बाजारातून भाजी आली, धुतली, संपलं. त्यो विटाळ कधी धुतला गेल्ता का?” मी आजही म्हणते, माझा शब्द अर्ध्या मिनिटात कळला होता आणि याला ‘बिनधुतलं’ समजवायला अख्खी दुपार गेली. पण तो शब्द आमच्या ऑफिसात पुन्हा कोणी उच्चारला नाही, मीसुद्धा नाही.

त्यानंतर टूल अडलं की पडद्यावर देवनागरीत एकच प्रश्न यायला लागला, ‘धुतलं का? कोणी?’ कोणीतरी तेवढा कोड नीट वाचायचा, इशारा खोटा निघाला तर आपलं नाव टाकायचं. म्हणजे त्याची हमी. नाव नाही, तर नवी आवृत्ती बाहेर जाणार नाही. इथंवरही मी ऐकून घेतलं. मग एक जण नोकरी सोडून पुण्याला गेला, त्यानं हमी दिलेल्या जागी खरंच भोक निघालं, आणि फोन केला तर म्हणाला, आता आठवत नाही. लगेच मिलिंदचा नवा नियम! टूल ऑफिसच्या माणसांची यादी बघणार, आणि यादीतून ज्याचं नाव गेलं त्यानं दिलेल्या सगळ्या हम्या रद्द, सगळं पुन्हा धुवायचं. मी डोक्याला हात लावला. “अरे, एक माणूस गेला की सगळ्यांनी ते सगळं परत वाचायचं? हे काय खूळ?” तो म्हणाला, “गेलेल्या माणसाला कोण विचारणार, शोभे? माणूस गेला की त्याची हमी गेली.” मी म्हटलं, कर बाबा काय करायचं ते.

पुण्यानुमोदनाला आम्ही सगळे टेंभुर्णीला गेलो होतो. सविता मोसंब्या घेऊन आली, ओल्या, नुकत्याच धुतलेल्या. मी बघतेय हे तिला दिसलं. “ताई, घरातसुद्धा हेच होतं. सोलायच्या आधी धुवायला लावायचे. आता सांगा, मोसंबीचं साल खातं का कोणी?” ती हसली आणि मग तिला रडू आवरेना, आणि मलाही. रडता रडता मला त्याच्यावर चिडायलाच होत होतं. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यानं. जगातल्या प्रत्येक नावाच्या चौकटीवर संशय घेणारा माणूस, स्वतःच्या छातीत महिनाभर दुखत होतं तर म्हणे ॲसिडिटी आहे! तिथं नाही त्याला विचारावंसं वाटलं, कोणी बघितलं का म्हणून.

महिना संपला. आमच्या हिशेबाच्या बाईंनी पगारासाठी यादीतून त्याचं नाव काढलं. त्यांना काय कल्पना, टूलही तीच यादी बघतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लालभडक. इतक्या वर्षांत मिलिंदनं दिलेली प्रत्येक हमी रद्द, वरपासून खालपर्यंत एकच प्रश्न, धुतलं का? कोणी? धुतलं का? कोणी?... गेल्यावरसुद्धा आम्हाला कामाला लावलं या माणसानं! लॅबवाल्यांचे फोन सुरूच होते. जेवून परत आले तर पडदा हिरवागार. “मॅडम, मी सरांचं नाव यादीत परत टाकलं,” पूजा म्हणाली. “एकच ओळ. पगाराचं बाईंना वेगळं करता येईल. कोड तर काहीच बदलला न्हाई.” मी पडद्याकडं बघितलं. धुतलं, मिलिंद. धुतलं, मिलिंद. धुतलं, मिलिंद. खरं सांगते, जिवाला बरं वाटलं. वाटलं, असू दे. आहे तो ऑफिसात, राहू दे. कोणाला कळणार होतं?

आणि मग संतापानं माझं डोकं फिरलं. उद्या एखाद्या पोरीचा रिपोर्ट चव्हाट्यावर आला तर विचारायचं कोणाला? टेंभुर्णीला जाऊन सविताला विचारू, की तुझ्या नवऱ्यानं नीट धुतलं होतं का? ज्या माणसानं आयुष्यभर खोटी हमी चालू दिली नाही, त्याच्याच नावानं आम्ही खोटी हमी द्यायची? मी पूजावर ओरडले. तीही रडत म्हणाली, “मंग तुम्हीच खोडा, मॅडम. माझ्यानं न्हाई होत.” मी त्याच्या खुर्चीत बसले. त्याचं नाव मी एकेक अक्षर करून खोडलं, शेवटाकडून सुरुवातीकडं. त्याला नेताना मी तिथं उभी होते, तेही याहून सोपं गेलं होतं.

लॅबवाल्यांना सांगितलं, थांबा. ते चिडले, चिडू देत. मी, पूजा आणि तिची मैत्रीण, तिघी वाचायला बसलो. बहुतेक ठिकाणी त्याचं बरोबर होतं. मग एका जागी पूजा थबकली. मोबाइल नंबरवरून रिपोर्ट शोधायची सोय. मिलिंदनं हमी दिली तेव्हा ते खरंच धुतलेलं होतं, पण मागाहून आम्ही तिथं व्हॉट्सॲपवरून येणारा नंबर जोडला होता, आणि तो कोणी तपासतच नव्हतं. त्याच्या हमीमुळं टूल तिथं गप्प राहिलेलं. कोणाचाही रिपोर्ट कोणीही उघडू शकलं असतं. पूजा माझ्याकडं बघायला लागली, मी तिच्याकडं. “बघितलं का,” मी म्हटलं, “त्याचं ते खूळ बरोबर निघालं परत. असा राग येतो ना!” ते भोक आम्ही बुजवलं.

शेवटी राहिली ती पेशंटच्या नावाची चौकट, त्या डॉक्टरांसमोर उघडी पडलेली. ती मी स्वतः वाचली, परत वाचली. नीट होती, त्यानंच केली होती. पडद्यावर नेहमीचं आलं, धुतलं का? कोणी? मी माझं नाव टाकलं. मशीन आपलं फिरत बसलं, फिरत बसलं... “धुतलं रे बाबा, धुतलं!” मी मोठ्यानं म्हणाले. पोरी दचकल्या. “आता तरी गप बस!” पडदा हिरवा झाला. जन्मात पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं.