बंडीसकट काढलेला एक्स-रे

"क्षय आहे," डॉक्टर खिडकीच्या उजेडात धरलेल्या प्लेटकडे पाहत म्हणाले. फुप्फुसावर वाटाण्याएवढा पांढरा डाग होता. "आजपासून भांडी वेगळी. सॅनेटोरियमची तयारी करा." सॅनेटोरियम म्हणजे क्षयरोग्यांना घरापासून दूर ठेवण्याचे रुग्णालय.

माझी नात कुसुम माझ्याच ताटात जेवत असे. त्या संध्याकाळी सुनेने तिला ताटावरून उचलून नेले. तिचे रडणे बुरहानपुरातल्या आमच्या अर्ध्या शनवारा मोहल्ल्याने ऐकले असेल.

मला खोकला होता. ताप नव्हता, वजनही घटले नव्हते. एकाच पुराव्यावर शिक्षा मान्य करणे माझ्या वकिली स्वभावात नाही. दुसरा एक्स-रे काढायला मी इंदूर गाठले.

तिथले रेडिओग्राफर, म्हणजे किरणचित्रे घेण्याचे रीतसर शिक्षण घेतलेले गृहस्थ, तुटकपणे म्हणाले, "बंडी उतरवा. गळ्यात काय आहे? तेही काढा." काळ्या दोऱ्यात चांदीचा ताईत होता. "श्वास भरून रोखा. हलू नका."

नव्या प्लेटवर डाग नव्हता. "क्षय तुमच्या ताईताला झाला होता," तिथले डॉक्टर हसले. मला हसू आले नाही.

कारण बुरहानपुरात मशीन चालवणारा सदाशिव कालपरवापर्यंत विजेच्या तारा जोडत होता. मी बंडीला हात घातला, तेव्हा तोच म्हणाला होता, "राहू द्या, दादाजी! तुमच्यासारख्याला उघडं उभं करू? पाप लागेल मला."

राग त्याच्यावर नाही. किळस येते ती त्याला न शिकवता तिथे उभे करणाऱ्यांची. शरीराची रचना, रुग्णाला उभे करण्याची पद्धत, किरणांपासून बचाव, अंधाऱ्या खोलीत प्लेट धुणे, हे सारे शिकावे लागते. त्याने तसा अर्जही केला होता, पण तेवढ्यात राज्यांची पुनर्रचना झाली आणि बुरहानपूरचा कारभार नागपूरहून भोपाळकडे गेला. नागपूरने कळवले, तुम्ही आता दुसऱ्या राज्यात गेलात. भोपाळने कळवले, तरतूद नाही. नकाशे जोडणाऱ्या या महाभागांना एक माणूस शिकायला पाठवता येत नाही! माझी पत्रे दोन्हीकडे जात आहेत आणि जात राहतील.

हे कळल्यावर सदाशिव माफी मागायला घरी आला, पायांना हात लावू लागला. "पाय सोड," मी म्हणालो, "शिकून ये."

वाचकहो, एक्स-रेच्या खोलीत कोणी तुमचा मान राखू लागला, तर त्याला थांबवा. कुसुम पुन्हा माझ्या ताटात जेवते आहे. इंदूरच्या त्या गृहस्थांनी माझ्या वयाची जराही भीड ठेवली नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.